साडेपाच माणसं आणि एक ड्रॅगन

मेडशीला समुद्र नाही. अकोल्याहून वाशीमकडे निघालं, पातूर मागे टाकलं, घाट चढला, सागाचं जंगल पाहून झालं, की आमचं गाव येतं. इथून रस्त्यानं मुंबईचा समुद्र गाठायचा म्हणजे पाचशे किलोमीटरच्या वरची मजल. तेव्हा आरमार, शिडं, तांडेल, खलाशी या विषयांवर मेडशीतल्या एका बँक क्लार्कनं लेखणी उचलावी, हे कोळीवाड्यातल्या माणसानं कपाशीच्या बोंडअळीवर व्याख्यान देण्यासारखं आहे, हे मला कबूल आहे. (आमच्या पदाला आता 'ग्राहक सेवा सहयोगी' म्हणतात. पगारात फरक नाही. सहीखालच्या शिक्क्यात जागा पुरत नाही, एवढंच.) त्यातून मी कॉमर्सचा पदवीधर. साहित्याशी माझा संबंध 'लेखनसाहित्य' या खर्चाच्या खात्यापुरता.

पण दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या भाच्यानं दिवाळीला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी भेट दिली, आणि आमच्या शाखेची लिंक गेली. लिंक जाणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपलं पासबुक देवापुढे ठेवावं. लिंक गेली की दिवे चालू असतात, पंखे चालू असतात, आम्हीही चालू असतो. फक्त बँक बंद असते.

"मामा, यात ड्रॅगन आहेत," भाचा म्हणाला होता, "पण तुम्हांला आवडेल. त्यात स्टाफ आहे."

पोरगं हुशार आहे. आईवर गेलंय.

नेओमी नोविक या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००६ साली आली. अमेरिकेत तिचं नाव 'हिज मॅजेस्टीज ड्रॅगन', इंग्लंडात 'टेमेरेर'. एकच पुस्तक, दोन नावं. जॉइंट अकाउंटच म्हणा ना. तिच्या पाठोपाठ आणखी भावंडं आली आणि २०१६ पर्यंत घर नऊ पुस्तकांचं झालं. कल्पना अशी, की नेपोलियनच्या लढाया चालू आहेत, इतिहास पुष्कळसा आहे तसाच आहे, फक्त त्या जगात ड्रॅगन आहेत आणि आरमाराप्रमाणे त्यांचंही एक हवाई दळ आहे. विल्यम लॉरेन्स नावाचा इंग्रज आरमारी कप्तान एक फ्रेंच जहाज पकडतो. जहाजात एक अंडं सापडतं. अंड्यातून काळंभोर पिल्लू निघतं, त्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या पोराला बाजूला सारतं, सरळ कप्तानापाशी येतं आणि तुमच्या कपाळाला आठ्या का, असं विचारतं. झालं! चांगला नाव कमावलेला कप्तान आरमारातून हवाई दळात. विनंती अर्ज नाही, युनियनशी चर्चा नाही. बदलीची ऑर्डर अंड्यातून निघालेली मी प्रथमच पाहिली.

मुखपृष्ठावर ड्रॅगनचं चित्र. आमच्या शिपायानं पुस्तक हातात घेऊन ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काय व्हय भाऊ? डायनासोर?"

"ड्रॅगन. लढाईचा."

"याच्यावर मानूस बसते?"

"एक नाही, पुष्कळ बसतात. कप्तान, लेफ्टनंट, बंदूकवाले, निशाणवाले..."

तो जरा विचारात पडला. "मंग," तो म्हणाला, "लढते तं जनावर. इतले लोकं वर कायले बसले?"

मी चष्मा काढून पुसला. लिंक नसताना माणसाला सुचतं ते असं.

खरंच, कायले बसले? आपल्याकडची वाहनं पाहा. गरुडावर विष्णू, मोरावर कार्तिकेय; सगळा एकेकट्याचा मामला. गणपतीच्या वाहनावर तर स्टाफची सोय करणंच अशक्य. परदेशी ड्रॅगनकथांतही बहुधा एक ड्रॅगन आणि एक स्वार, मोटारसायकलचा हिशेब. नोविकबाईंनी त्या मोटारसायकलची एस.टी. केली. पॅट्रिक ओब्रायन यांनी १९६९ पासून इंग्रज आरमारावर जी लांबलचक कादंबरीमाला लिहिली, त्या घराण्याची ही गायकी. फरक एवढाच, की ओब्रायन यांच्या जहाजाला बोलता येत नव्हतं.

आता या हवाई एस.टी.त कोण कुठं बसतो ते सांगतो. मानेच्या मुळाशी कप्तान. त्याच्या हाताखाली पहिला लेफ्टनंट, ग्रॅन्बी नावाचा. हा माणूस सुरुवातीला कप्तानावर नाराज असतो, कारण दुसऱ्या खात्यातला माणूस आयता येऊन वरच्या खुर्चीत बसला की आतल्या लोकांची लाइन अडते. (बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ही पानं वाचताना गहिवरून येतं.) त्यानंतर उमेदवार अधिकारी. आरमारात जो 'मिडशिपमन' तो इथं 'मिडविंगमन'. जहाज गेलं, पंख आला. मग बंदूकवाले, चारी दिशांना डोळे लावून बसलेले टेहळे, झेंड्यांच्या खुणांनी शेजारच्या ड्रॅगनशी बोलणारा निशाणवाला. काही माणसं पाठीवर, तर काही चक्क पोटाखालच्या जाळ्यात लोंबकळत, बाँब टाकायला. आणि निरोप घेऊन या सर्वांमधून सरपटत जाणारी शाळकरी वयाची पोरं. प्रत्येकाच्या अंगावर कातडी पट्टे, पट्ट्याला कड्या, आणि त्या कड्या ड्रॅगनच्या साजाला अडकवलेल्या. ड्रॅगन उलटा झाला तरी माणूस लोंबतो, पण पडत नाही. आमच्या मालेगाव रस्त्यावरच्या काळी-पिवळीत हीच सगळी पदं आहेत. टपावरचे, मागच्या फळीवरचे, पायऱ्यांवरचे, आणि निम्मा बाहेर बसून गाडी हाकणारा कप्तान. कड्या तेवढ्या नाहीत.

जमिनीवरचा स्टाफ वेगळा. साज शिवणारे, धातूकाम करणारे, जखमा शिवणारा शस्त्रवैद्य. आणि पुढे चीनहून सोबत आलेला एक स्वयंपाकी, कारण तोपर्यंत कच्च्या गाई खाणाऱ्या टेमेरेरला शिजवलेल्या अन्नाची चटक लागते. एका जनावरासाठी एवढं खटलं.

शिपायाच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आहे, आणि ते मोठं मजेदार आहे. ड्रॅगनचा आपल्या कप्तानावर इतका जीव असतो, की कप्तान पकडला गेला तर ड्रॅगन शरण येतो. त्यामुळे शत्रूचे लोक हवेतल्या हवेत उडी मारून ड्रॅगनच्या पाठीवर चढतात ते ड्रॅगनला मारायला नव्हे, कप्तानाची मानगूट धरायला. म्हणजे बघा: कप्तान आहे म्हणून शत्रू चढतो, शत्रू चढतो म्हणून बंदूकवाले लागतात, बंदूकवाले आहेत म्हणून लेफ्टनंट लागतो, आणि एवढे सगळे आहेत म्हणून कप्तान लागतोच! वरच्या कार्यालयाची रचना समजायला मला जी वीस वर्षं लागली, ती नोविकबाईंनी एका लढाईत समजावून दिली. आमच्या साहेबांना उद्या कुणी उचलून नेलं, तर शाखा शरण जाईल याची मात्र मला खात्री नाही. जायचंच झालं तरी आधी लिंक लागेल.

हे सगळं वाचताना मला राहून राहून वाटत होतं, की हे आपण कुठंतरी पाहिलंय. दुसऱ्या दिवशीही लिंक नव्हती, तेव्हा मोबाइलवर शोधलं आणि सापडलं. अबुल फजलची 'ऐन-इ-अकबरी'. परकी समजू नका. वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांमध्ये आमच्या वाशीमची 'बाशिम' म्हणून नोंद करणारा हाच तो ग्रंथ. त्यात अकबराच्या हत्तींच्या नोकरवर्गाचा सगळा तपशील पगारासकट दिला आहे. कादंबरीतला ड्रॅगन खोटा असेल, पण लढाऊ जनावराच्या अंगाखांद्यावरची खरी पदं पाहायची तर ती इथं.

पहिल्या प्रतीच्या, म्हणजे मस्त हत्तीला नोकर किती? साडेपाच. छपाईची चूक नव्हे, साडेपाच. मानेवर माहूत, त्याला महिना २०० दाम. ४० दामांचा रुपया, म्हणजे ५ रुपये झाले. मागे पुठ्ठ्यावर भोई. यानं लढाईत मदत करायची, हत्तीला पळवायचं, आणि वेळ पडली तर माहुताचंही काम करायचं. पगार ११० दाम, म्हणजे पावणेतीन रुपये. (वरच्या पदाचं काम केल्याचा भत्ता दिसत नाही. अजूनही तो मागितल्याशिवाय दिसत नाही.) उरले ते मेठ. वैरण आणायची, साज चढवायला हात लावायचा. त्यांना मुक्कामाला रोज साडेतीन दाम, आणि कूच असेल तेव्हा रोज चार.

कॉमर्सचा माणूस इथं थांबून पेन्सिल काढतो. चार दामांनी तीस दिवसांचे होतात १२०. म्हणजे महिनाभर कूच चालू राहिली, तर वैरण आणणारा मेठ हा लढाईत हत्तीच्या पुठ्ठ्यावर जिवावर उदार होणाऱ्या भोयापेक्षा १० दामांनी वरचढ! अकबराला थोर का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. दौऱ्याचा भत्ता देणारा मालक थोरच म्हटला पाहिजे.

पण खरी मौज पुढेच आहे. एक माहूत आणि एक भोई वजा केले, तर मस्त हत्तीला मेठ किती उरतात? साडेतीन. हत्तीची प्रत उतरत जाते तसे नोकर उतरत जातात, अगदी लहान पिल्लाला दोन. मधूनमधून तो अर्धा डोकं वर काढत राहतो. आता अर्धा माणूस कसा नेमतात? कुठला अर्धा? हे मी जरा मोठ्यानंच वाचलं. मावशी त्या वेळी काउंटरपुढची फरशी पुसत होत्या.

मावशींची ओळख करून द्यायला हवी. त्या आमच्या शाखेत पार्टटाइम आहेत. बँकांत पार्टटाइम झाडूपोछा करणाऱ्यांना आठवड्याच्या तासांप्रमाणे वेतनश्रेणीचा तिसरा हिस्सा, निम्मा किंवा पाऊण पगार मिळतो. तसं करारात लिहिलेलं आहे. मावशी तिसऱ्या हिश्श्याच्या. तासही तेवढेच, असं कागद म्हणतो. शाखा उघडताना त्या असतात आणि बंद होतानाही असतात, असं माझे डोळे म्हणतात. कागदाला डोळ्यांपेक्षा जास्त अधिकार असतात.

"अर्धा मानूस?" मावशींनी फडकं पिळलं. "मंजे बराच हाय की तो. मी तं तिसरा हिस्साच आहो."

शिपाई हसला. मी हसलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मीही हसलो, आणि मग पुस्तकात डोकं घातलं.

हत्तीवर जागा दोन असतात. एक मानेवरची आणि एक हौद्यातली. मानेवर माहूत, हौद्यात सरदार. हत्ती ओळखतो मानेवरच्याला, आणि फौज ओळखते हौद्यातल्याला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामा हौदा फौजेनं पाहिला आणि तिचा धीर सुटला, असं सांगतात. हत्तीला त्या रिकाम्या हौद्याचं काय? त्याला अंघोळ घालणारा, त्याच्या कानामागे पाय रोवून बसणारा, महिना पाच रुपयांचा धनी हौद्यात कधी बसलेलाच नव्हता.

नोविकबाईंची खरी करामत इथं आहे. जहाज, पदं, गणवेश, सलाम हे सगळं त्यांनी आरमारातून उचललं, ते कुणालाही दिसतं. पण त्यांनी माहूत आणि सरदार एकाच माणसात बसवले, हे चटकन दिसत नाही. लॉरेन्स हुकूम देतो, आणि तोच ड्रॅगनला धुतो. रात्री त्याला पुस्तकं वाचून दाखवतो, त्याच्या पंजाशी झोपतो. जहाजाचा कप्तान जहाज स्वतः घासत नाही, आणि घासलं तरी जहाज त्याला 'तुम्ही दमलात' म्हणत नाही. ही दोन कामं एका हाती आली म्हणून पुस्तकात जीव आला. नाहीतर ही निव्वळ पंख लावलेली गॅझेट झाली असती.

माझ्या या म्हणण्याला पुरावा खुद्द बाईंनीच दिला आहे. पहिल्या पुस्तकात लेव्हिटास नावाचा एक लहानसा ड्रॅगन आहे, निरोप्याच्या कामाचा. त्याचा कप्तान रँकिन, मोठ्या घरचा. तो फक्त हौद्यातला माणूस. ड्रॅगन म्हणजे त्याच्या लेखी घोडा. काम झालं की पाठ फिरवायची. लेव्हिटासचा साज मळलेला, अंग धुतलेलं नाही, आणि तरी ते बिचारं जनावर वाट बघत बसलेलं, की आज तरी आपला कप्तान दोन शब्द बोलेल. मग लॉरेन्स आपल्या साजवाल्यांपैकी हॉलिन नावाच्या माणसाला गुपचूप सांगतो, की आपलं काम संपलं की त्याच्याकडेही जरा बघ. हॉलिन बघतो. ना हुकूम, ना भत्ता, ना मस्टरवर नोंद. इथं माहूत आणि सरदार पुन्हा वेगळे झाले, आणि माझ्या मते सबंध मालिकेतली सर्वांत चांगली पानं इथंच आहेत. लेव्हिटास शत्रूची खबर घेऊन येतो तो मरणाच्या वाटेवर. कप्तान खबर पोचवण्यात गुंतलेला, हॉलिन जखमी ड्रॅगनच्या उशाशी. आणि लेव्हिटास विचारतो कुणाला? कप्तानाला. शेवटी लॉरेन्स त्या रँकिनला अक्षरशः ओढून आणतो, दोन बरे शब्द बोलायला लावतो, आणि तेवढ्यावर ते जनावर समाधानानं डोळे मिटतं.

हे वाचून मी पुस्तक ड्रॉवरमध्ये ठेवलं. एका खातेदारानं विचारलं, "लिंक आली का जी?" मी मान हलवली. त्यानं ती 'नाही' समजली. मला काही म्हणायचंच नव्हतं.

आणखी एक चांगली गोष्ट. या हवाई दळात बायका कप्तान आहेत. लाँगविंग जातीचे ड्रॅगन बायकांशिवाय कुणाला कप्तान म्हणून पत्करतच नाहीत, आणि हे ड्रॅगन लढाईत फार मोलाचे; तेव्हा सरकारनं नाक मुठीत धरून मान्य केलंय, आणि बाहेर बोलत मात्र नाही. हार्कोर्ट नावाच्या तरुण कप्तानबाईला पाहून आरमारातून आलेल्या लॉरेन्सचं जे होतं, ते आमच्याकडे पहिली कॅशियरबाई आली तेव्हा जुन्या हेडकॅशियरचं झालं होतं. आठ दिवस ते पहिलंच बंडल दोनदा मोजत होते.

जमेची बाजू झाली. आता नावेची.

पहिली तक्रार लुटीच्या पैशांची. इंग्रज आरमारात शत्रूचं जहाज पकडलं की त्याची किंमत वाटून घेत. १८०८ सालापर्यंत तिचे आठ वाटे होत. रुपयात सांगायचं तर कप्तानाचे सहा आणे, त्यातले दोन वरच्या अॅडमिरलला. सहा आणे मधल्या अधिकाऱ्यांच्या तीन थरांना. आणि बाकी शेकडो खलाशी मिळून चार आणे. या पैशातून लॉरेन्स टेमेरेरला गळ्यातला दागिना घेतो, आणि टेमेरेर तो सगळ्यांना दाखवत फिरतो. प्रसंग गोड आहे. मीही तो सौ.ला वाचून दाखवला आणि पस्तावलो. ("अहो, त्या ड्रॅगनला सुद्धा...") पण त्या चार आण्यांचं काय झालं, हा प्रश्न त्या दागिन्याच्या चकचकाटात दिसेनासा होतो.

आमच्याकडे हा प्रश्न कुणीतरी विचारला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर एक प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात सांगितलंय, की आरमाराचा पगार मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, समुद्रावर जे मिळेल त्याच्यावर सोडू नये. कारण तसं सोडलं तर आरमारवाले सावकारांना, म्हणजे व्यापाऱ्यांना, त्रास देतील आणि बंदरं बुडतील. त्याच प्रकरणात जहाजाच्या लाकडासाठी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावायला मनाई केली आहे, ती आपण शाळेत ऐकलेली असते. पगाराचं वाक्य शाळेत कुणी सांगत नाही. मला विचाराल तर त्या दोन्हींत पगाराचं वाक्य काकणभर सरस. आंबा-फणसाचं मन राखणारे पुष्कळ भेटतात. महिन्याच्या महिन्याला पगार नेमून देणारा विरळा.

दुसरी तक्रार जरा मोठी आहे. दुसऱ्या पुस्तकात टेमेरेर चीनला जातो. तिथं ड्रॅगन रस्त्यांतून मोकळे फिरतात, शिकतात, स्वतःच्या पैशानं खरेदी करतात. हे पाहून त्याचं डोकं फिरतं. आपण लढतो, मग आपल्याला पगार का नाही? परत आल्यावर तो याचा पाठपुरावा करतो, आणि पाचव्या पुस्तकात तर माणसांशिवायच्या ड्रॅगनांची फौज उभी करून सरकारकडून हक्क मागतो. वाचताना मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मस्टरवर ज्याचं नाव नाही त्यानंच मस्टर मागावं, हे कुठल्याही आरमारी कादंबरीला जमलं नव्हतं, कारण जहाजाला पगार लागत नाही. पण इथंच एक गोची झाली. ड्रॅगन स्वतःच पुढारी झाल्यावर त्याच्या पाठीवरचे लोक एकेक करून पुस्तकातून उतरत गेले. पुढची पुस्तकं आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका असे खंड पालथे घालतात, आणि पोटाखालच्या जाळ्यातल्या त्या माणसांची आपल्याला आठवणही राहत नाही. पहिल्या पुस्तकात लढाई चालू असताना कोण कुठली कडी सोडतो आणि कुठली अडकवतो हे दिसत होतं, म्हणून भीती वाटत होती. नंतर भाषणं चांगली आहेत, पण कड्या ऐकू येत नाहीत. ड्रॅगनच्या पगारासाठी पानंच्या पानं खर्च होतात. साज शिवणाऱ्याच्या पगारासाठी अशी भाषणं होत नाहीत. अबुल फजलनं बादशहाचे हजारो हत्ती सांभाळून मेठाचे साडेतीन दाम लिहून ठेवले. अर्ध्या मेठाचे सुद्धा.

आणि या एवढ्या मोठ्या दळात ठळकपणे कारकून म्हणून कुणी नाही, हे मी व्यक्तिगत पातळीवर घेतलं आहे. गाई कुणी मोजल्या? कातडं किती लागलं? दागिन्याची पावती कुठाय?

तरीही भाच्याला मी फोन करून सांगितलं, पुस्तक चांगलं आहे म्हणून. निदान पहिलं तर घ्यावंच, आणि दुसरंही. नंतरची ज्याच्या त्याच्या सवडीवर. इंग्रजी थोडं जुन्या वळणाचं आहे, सगळे लोक एकमेकांशी फार अदबीनं बोलतात. आपल्या काउंटरसमोर उभं राहिल्यासारखं कुणीच बोलत नाही. पण दहा-वीस पानांत सवय होते.

चौथ्या दिवशी दुपारी मावशींनीच विषय काढला. शिपायानं त्यांना ती लेव्हिटासची गोष्ट आपल्या पद्धतीनं सांगितली असावी, कारण त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, तो साजवाला. त्याचं मंग काय झालं?"

"हॉलिन? तो कप्तान झाला, मावशी. त्याला स्वतःचा ड्रॅगन मिळाला. लहानसाच, निरोप्याच्या कामाचा, पण स्वतःचा."

"मंजे पर्मनंट झाला."

"झाला."

"याच पुस्तकात झाला?"

मी पानं चाळल्यासारखं केलं. "नाही. दुसऱ्या पुस्तकात."

त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाची जाडी बोटांनी मोजल्यासारखी हवेत दाखवली. "हे किती पानांचं हाय?"

"तीनशेच्या वर."

"असं," त्या म्हणाल्या, आणि बादली उचलून मॅनेजरच्या केबिनकडे गेल्या. कागदाप्रमाणे त्यांचे तास सकाळीच संपले होते. तेवढ्यात शिपाई ओरडला, "भाऊ, लिंक आली!" आणि बाहेर ओट्यावर बसलेली सगळी माणसं पासबुकं घेऊन एकदम उठली.